दहाच्या जागी बारा: संमतिवयाच्या कायद्यावर ओळीओळीने भाष्य

१९ मार्च १८९१ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कौन्सिलात शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारावर नेणारा एक छोटा कायदा मंजूर झाला. त्या सालचा तो दहावा. महाराष्ट्रात तो ‘संमतिवयाचे बिल’ या नावानेच ओळखला गेला, आणि त्याने पुण्यात जी दुफळी माजवली ती त्या पिढीच्या हयातीत बुजली नाही. परंपरावादी आणि उदारमतवादी या दोन दृष्टी कुठे फुटतात हे पाहायला मराठी वाचकाला याहून चांगला मजकूर मिळेल असे मला वाटत नाही. वाद हवेतला नव्हता. एका ठरावीक वयाच्या मुलीच्या वाट्याला काय येऊ द्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, एवढाच प्रश्न होता. दोन्ही बाजूंना आपल्याकडची तल्लख माणसे होती, आणि त्यांतली दोन, टिळक आणि आगरकर, तर एकेकाळी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिलेली होती.

जुने टीकाकार करीत तसे करावे म्हणतो. ओळ घ्यायची, तिचा पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी आपला कौल. मूळ इंग्रजी ओळींचा आशय माझ्या मराठीत देतो आहे.

‘भारतीय दंडसंहिता आणि १८८२ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यांत सुधारणा करण्याचा अधिनियम.’

या मथळ्यात विवाह नाही, धर्म नाही, बालिका नाही. ज्या कायद्यावरून कलकत्त्याच्या मैदानावर हजारो माणसे जमली, त्याचे नाव वाचून तो कशाबद्दल आहे हे कळतसुद्धा नाही. हे जाणूनबुजून केलेले आहे. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले होते. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची टिपणे देशभर पाठवली, तेव्हा सरकारने हात झटकले होते. आता विधी सदस्य सर अँड्र्यू स्कोबल यांची भूमिका अशी होती की आम्ही विवाहाला शिवतच नाही. लग्न कोणत्याही वयात लावा. आम्ही फक्त एका शारीरिक इजेला गुन्हा ठरवतो, आणि गुन्हे ठरवणे हे कोणत्याही सरकारचे कामच आहे.

सनातनी पक्षाचा आक्षेप इथूनच सुरू होतो आणि तो पोकळ नाही. विवाह हा संस्कार आहे. त्याला गर्भाधान, म्हणजे ऋतुप्राप्तीनंतरच्या पहिल्या संबंधाचा विधी, जोडलेले, गर्भाधानाला संततीची शुद्धता, आणि तिला पितरांचे पिंड. यांतला एक धागा उसवला की वीण सुटत जाते, मग कात्री लावणारा काहीही म्हणो. उदारमतवादी माणूस रूढीचे भाग पाडतो. हा भाग निरुपद्रवी, तो राहू द्या. हा घातक, तो काढा. परंपरावादी माणसाला असे भाग दिसतच नाहीत. त्याला एक सबंध जगणे दिसते. त्यातली कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीला आधार देते आहे ते आपल्याला पुरते ठाऊक नाही, म्हणून हात लावताना भ्यावे, असे तो म्हणतो. हे भय मला समजते. पण ज्या धाग्याबद्दल बोलणे चालले होते तो धागा म्हणजे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती, आणि ती वीण तिच्या जिवावर उभी होती, हे या युक्तिवादात कुठेच उच्चारले जात नाही.

‘ज्याअर्थी उपरोक्त संहितांत सुधारणा करणे इष्ट आहे...’

कायद्यांच्या प्रस्तावनेतली ही ठोकळेबाज ओळ. वकील ती न वाचताच पुढे जातात. पण पुण्यातले सगळे रण या ओळीवर माजले. इष्ट आहे, पण कोणाला? आणि इष्ट काय ते ठरवणारा कोण?

टिळकांचा पूर्वपक्ष इथे नीट ऐकला पाहिजे, कारण तो बहुतेकदा अर्धाच सांगितला जातो. बालवयातल्या मुलींची लग्ने चांगली असतात, असे त्यांचे म्हणणे नव्हते. १८९० मध्ये पुण्यात सुधारकांपुढे त्यांनीच एक करारनामा ठेवला होता. मुलीचे लग्न १६ वर्षांच्या आत करायचे नाही, मुलाचे २० च्या आत नाही. पुरुषाने चाळिशीनंतर लग्न करायचे नाही, करायचेच तर विधवेशी. हुंडा बंद, विधवांचे केशवपन बंद. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी यावर सही करावी आणि स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. आकड्यांपुरते पाहिले तर हा करारनामा सरकारी बिलाच्या चार वर्षे पुढे होता. टिळकांचे म्हणणे असे की समाज आतून बदलतो. शिक्षणाने, उदाहरणाने, हळूहळू. परक्या सरकारच्या दंडुक्याने झालेला बदल समाजाला दुबळा करतो आणि सरकारला बळकट. आज तुम्ही त्याला माजघरात येऊ दिलेत, तर उद्या कोणत्या तोंडाने त्याला बाहेर राहा म्हणणार?

शेवटचा प्रश्न मी आजही हलका मानत नाही. बदल चांगला आहे एवढे सिद्ध झाल्याने तो घडवून आणणारी सत्ता चांगली ठरत नाही. जगभरच्या परंपरावादी विचारात जे टिकाऊ आहे त्याचा गाभा याच सावधगिरीत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर एडमंड बर्कने १७९० मध्ये हेच सांगितले होते, आणि टिळकांना ते सांगण्यासाठी बर्क वाचण्याची गरज नव्हती. वासाहतिक राज्यातला कोणताही सावध माणूस त्या निष्कर्षाला स्वतःच्या पायांनी पोचू शकत होता.

उत्तरपक्ष आगरकरांचा. ‘केसरी’तून बाहेर पडून त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. जे इष्ट आहे ते बोलून दाखवायचे, मग ते आज साध्य असो वा नसो, हे त्या पत्राचे ब्रीद होते. त्यांच्या लेखी इष्ट ते विवेकाने ठरते. कोण म्हणाले यावर ते अवलंबून नसते. अन्याय थांबवणारा हात परका आहे म्हणून अन्याय स्वदेशी होतो का? समाज आतून बदलेल तेव्हा बदलेल. दरम्यान ज्या मुली आज नऊ-दहा वर्षांच्या आहेत त्यांना थांबता येत नाही. त्यांचे वय वाढते, समाजाचे मत वाढो न वाढो. थांबा म्हणणाऱ्याने थांबण्याची किंमत कोण मोजतो आहे ते सांगितले पाहिजे, हा आगरकरी युक्तिवादाचा कणा आहे आणि माझ्या मते टिळकांकडे त्याला उत्तर नव्हते. करारनाम्याची वाट रूढ झाली नाही. ती रूढ झाली असती तर १९२९ मध्ये विवाहाचे वय ठरवणारा सारडा कायदा करण्याची पाळी आली नसती.

टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ च्या जुलैतले. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले होते, आणि टिळकांनाही स्पेन्सर परका नव्हता. समाज हा सजीव देहासारखा वाढतो, या स्पेन्सरच्या विचारातून एकाने घाई नको हा अर्थ काढला. दुसऱ्याने काढला तो असा की जे अवयव निरुपयोगी झाले ते टाकलेच पाहिजेत. दोन दृष्टींमधला फरक पुस्तकांच्या कपाटातून येतो, असे मानणाऱ्यांनी या दोघांकडे पाहावे.

‘दंडसंहितेच्या कलम ३७५ मध्ये, ‘पाचवे’ असे चिन्ह केलेल्या पोटकलमात...’

हे पोटकलम विवाहाबाहेरच्या मुलींसाठी. ठरावीक वयाखालच्या मुलीने संमती दिली वा न दिली, ती संमती कायदा मानत नाही. याचे वय दहावरून बारावर नेण्याला सनातनी पक्षाने फारशी हरकत घेतली नाही. परक्याच्या मुलीला परक्या पुरुषापासून वाचवायला सगळे तयार होते. तंटा पुढच्या दोन शब्दांचा.

‘...आणि अपवादात...’

अपवाद काय सांगतो? पुरुषाने स्वतःच्या पत्नीशी केलेला शरीरसंबंध बलात्कार ठरत नाही, मात्र पत्नी अमुक वयाखाली नसावी. इथे दोन विधाने एकमेकांत घातली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय या ओळीचा अर्थ लागत नाही. पहिले विधान नवऱ्याला मोकळे सोडते. दुसरे त्या मोकळीकीला कुंपण घालते. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात पहिले विधान एकटेच होते. नवऱ्यासाठी वयाची कोणतीही अट नव्हती. १८६० मध्ये संहिता प्रत्यक्ष झाली तेव्हा कुंपण आले, दहा वर्षांचे.

कुंपणाची उंची किती महत्त्वाची होती ते १८९० मध्ये कलकत्त्यात दिसले. फुलमणी दासी ही दहा वर्षे उलटून गेलेली मुलगी. पस्तिशीच्या आसपासचा नवरा, हरिमोहन मैती. एका रात्री त्याने केलेल्या इजेने ती दगावली. खटला उच्च न्यायालयात उभा राहिला, पण बलात्काराचे कलम लावता येईना, कारण मुलगी दहाच्या वर होती. उतावीळ कृत्याने जबर इजा करण्याचे कलम तेवढे उरले, आणि नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ती दहाच्या आत असती, तर त्याच कृत्याला काळे पाणी होऊ शकत होते.

उदारमतवादी दृष्टी इथे ज्या एककाने मोजते ते एकक एकटी फुलमणी आहे. तिचा देह, तिचे वय, तिचा मृत्यू. लग्न झाले म्हणून ती आधी माणूस असण्याचे थांबत नाही. परंपरावादी दृष्टीचे एकक कुटुंब आहे. त्यात पत्नी ही जागा आहे, आणि जागेवर बसलेल्या व्यक्तीचा वेगळा हिशेब मांडला की कुटुंब ही गोष्टच मोडते, अशी धास्ती आहे. ‘बंगवासी’ या पत्राने कलकत्त्यात जे रान उठवले, त्याच्या मुळाशी हीच धास्ती होती. मूळच्या या फरकाला ‘कनवाळू’ आणि ‘निर्दय’ असे शब्द लावून काही कळत नाही. फुलमणीबद्दल हळहळलेली माणसे विरोधकांतही होती. एका मुलीचा मृत्यू हा त्यांच्या लेखी अपघात होता, एका दुष्ट नवऱ्याची करणी होती. सुधारकांच्या लेखी तो रूढीचा परिणाम होता. घटना अपवाद की नियम, हे ठरवण्यातच अर्धा वाद संपतो. म्हणूनच त्याच सुमारास डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, तेव्हा त्यातल्या हकिकतींना मोल आले. फुलमणी एकटी नव्हती हे त्यांनी आपल्या दवाखान्यांतल्या अनुभवावरून सांगितले.

‘...‘दहा’ या शब्दाऐवजी...’

या ओळीचा सर्वांत कमी विचार झाला आहे. कायद्यात काहीतरी नवे आत शिरते आहे, अशी सगळी आरडाओरड होती. पण ‘दहा’ तिथे तीस वर्षे बसलेला होता. म्हणजे सरकारने माजघरात पाऊल टाकले ते १८६० मध्ये, आणि तेव्हा पुण्यात कोणी सभा घेतली नाही. नवऱ्याचा हक्क अमर्याद नाही, धर्मशास्त्र काहीही म्हणो, राज्य त्यावर वयाची मर्यादा घालू शकते, हे तत्त्व दंडसंहितेने केव्हाच मान्य केलेले होते. त्याआधी १८२९ मध्ये सतीबंदी आली होती, १८५६ मध्ये विधवापुनर्विवाहाचा कायदा.

मग १८९१ मध्येच एवढा क्षोभ का? माझे उत्तर असे की मधल्या तीस वर्षांत वर्तमानपत्रे आली, इंग्रजी शिकलेला वर्ग आला, १८८५ मध्ये काँग्रेस आली. १८६० मध्ये ज्यांना बोलता येत नव्हते ते आता बोलत होते, आणि आपल्या समाजाविषयी आपण बोलायचे, हा हक्क त्यांना सर्वांत प्रिय वाटत होता. परंपरेचा बचाव हा बऱ्याचदा परंपरेइतका जुना नसतो. तो नव्या माणसांनी नव्या साधनांनी केलेला असतो. टिळकांचे ‘केसरी’तले अग्रलेख हे छापखान्याचे आणि लोकमताच्या राजकारणाचे अपत्य होते. वेदशाळेतल्या शास्त्र्याला ते लिहिता आले नसते.

एक गोष्ट मात्र टिळकपक्षाच्या खात्यावर मांडलीच पाहिजे. राज्याने घरात येऊ नये, हे तत्त्व त्यांनी चार वर्षांपूर्वी पाळले नव्हते. रखमाबाईंचा खटला आठवावा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी फर्मावले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला आहे. तरीही पुण्यातल्या सनातनी मताने तो उचलून धरला. परक्या सरकारचा तुरुंग एका स्त्रीला नांदायला पाठवण्यासाठी चालतो, आणि एका बालिकेला वाचवण्यासाठी चालत नाही, ही विसंगती कोणत्याही तत्त्वात बसवता येत नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला वैद्यक शिकल्या आणि परतून सुरत-राजकोटला पुढची अनेक वर्षे रुग्णांना तपासत राहिल्या.

‘...‘बारा’ हा शब्द घालावा.’

बाराच का? चौदा का नाही, सोळा का नाही? सुश्रुतसंहितेत तर स्त्रीला सोळा आणि पुरुषाला पंचवीस वर्षे पुरी होण्याआधीच्या गर्भाला अपाय सांगितला आहे, आणि त्या वादात तिचा आधार घेतलाही गेला. बारा हा आकडा तडजोडीचा आहे. मुलींना ऋतू प्राप्त होण्याचे वय साधारण बाराच्या पुढे, तेव्हा बाराची मर्यादा घातली तर गर्भाधानाच्या विधीला धक्का लागणार नाही, असा सरकारचा अंदाज.

पण ज्या मुलींना बाराच्या आतच ऋतू आला त्यांचे काय? इथे शास्त्रार्थ पेटला, आणि मला तो आपल्या विद्वत्तेच्या इतिहासातला एक मोठा प्रसंग वाटतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ मध्ये विवाहाचे आणि गर्भाधानाचे वय यांवर इंग्रजीत एक टिपण प्रसिद्ध केले. गृह्यसूत्रे आणि स्मृती चाळून त्यांनी दाखवले की पहिल्याच ऋतुकाळी गर्भाधान झाले पाहिजे असे अटळ बंधन नाही. टिळकांनी त्याच ग्रंथांतून उलट प्रतिपादन केले. दोघेही संस्कृतचे जाणकार, दोघेही प्रामाणिक, दोघांसमोर तेच ग्रंथ.

आगरकरांना हा सगळा व्यापारच नापसंत होता. सुधारणा शास्त्रात सापडली नाही तर काय ती सोडून द्यायची? आणि सापडली तर ती सापडल्यामुळे योग्य ठरते का? त्यांच्या दृष्टीने भांडारकर आणि रानडे अर्ध्या वाटेवर थांबले होते. उदारमतवादाच्या पोटातला हा भेद आजही जिवंत आहे. एक उदारमतवादी परंपरेच्या आत शिरून तिच्यातली मोकळी जागा शोधतो. दुसरा बाहेर उभा राहून परंपरेला विवेकापुढे हजर व्हायला सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी सुधारणेचे चार मार्ग सांगितले: परंपरेचा आधार, सदसद्विवेकाला हाक, कायद्याची सक्ती आणि बंड. बंडाने समाजाशी नाते तुटते, म्हणून पहिल्या वाटेकडे त्यांचा ओढा. तर्काच्या बाजूने मी आगरकरांबरोबर आहे. पण ज्या आईबापांच्या हातात मुलीचे लग्न होते त्यांच्याशी भांडारकर त्यांच्याच भाषेत बोलत होते, आणि याच भांडारकरांनी त्याच वर्षी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला. अर्ध्या वाटेवरचा माणूस म्हणून त्यांना बाजूला सारणे मला जमत नाही.

आणि रानडे? १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता वडिलांच्या आग्रहापुढे वाकला आणि एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्नाला उभा राहिला. रमाबाईंनी आठवणींत लिहिले आहे की सासरच्या पहिल्याच रात्री रानड्यांनी त्यांना वर नेऊन नाव विचारले, लिहिता-वाचता येते का विचारले, आणि तिथेच पाटीवर अक्षरे गिरवून घ्यायला सुरुवात केली. अकरा वर्षांची मुलगी, समोर न्यायखात्यातला मोठा अधिकारी नवरा, मध्ये पाटी. त्या खोलीत काय झाले नाही, यावर तिचे पुढचे सगळे आयुष्य उभे राहिले. कायद्याच्या दृष्टीने १८७३ मध्ये रानड्यांवर कोणतेही बंधन नव्हते. ती दहाच्या वर होती. जे झाले ते नवऱ्याच्या भलेपणामुळे झाले. फुलमणीच्या खोलीत असा भलेपणा नव्हता. मुलीचे नशीब नवऱ्याच्या स्वभावावर सोडायचे की नाही, एवढेच ‘बारा’ हा शब्द विचारतो. परंपरावादी उत्तर असे की भलेपणा संस्कारांनी घडवा. उदारमतवादी उत्तर असे की घडवा जरूर, पण तो नसेल तिथेही मुलगी सुरक्षित राहिली पाहिजे. दुसऱ्या उत्तरात पहिल्याला जागा आहे. पहिल्यात दुसऱ्याला नाही. माझा कौल दुसऱ्याला आहे तो यामुळे.

समाजाचा ताण उदारमतवाद्यांवरही किती होता ते त्याच सुमाराच्या चहाने दाखवले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये ज्यांच्यापुढे चहा ठेवला गेला त्यांत रानडेही होते आणि टिळकही. पुढे प्रकरण ग्रामण्यापर्यंत, म्हणजे जातीबाहेर टाकण्याच्या वादापर्यंत, गेले आणि दोघांनीही प्रायश्चित्त घेतले. आगरकरांची तर हयातीतच प्रेतयात्रा काढली गेली.

‘पतीवर हा आरोप असल्यास तो गुन्हा मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकारी यांच्याशिवाय कोणीही दाखल करून घेऊ नये, तपासाला इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाचा पोलीस लावू नये.’

वयाची ओळ सुधारकांची, ही ओळ विरोधकांची. त्यांची सह्यांची पत्रके वाया गेली नाहीत. पोलीस घरात घुसेल, शेजारी सूड उगवतील, लाचेसाठी कोवळ्या सुनांच्या तपासण्या होतील, कुलीन घरांची बेअब्रू होईल, ही भीती सरकारने मनावर घेतली आणि कायद्याच्या अंगात शिवून टाकली. नवऱ्याच्या बाबतीत वॉरंटाशिवाय अटकेचीही मुभा राहिली नाही. १८९१ चा हवालदार कसा होता ते ज्याला ठाऊक आहे तो या तरतुदीला नावे ठेवणार नाही. सत्तेवरचा अविश्वास ही परंपरावादी विचाराने दिलेली चांगली देणगी आहे, आणि उदारमतवाद्यांनीही ती हक्काने घ्यावी.

पण परिणाम पाहा. दहा-बारा वर्षांच्या मुलीने, किंवा तिच्या आईने, जिल्हा दंडाधिकाऱ्यापर्यंत कसे पोचायचे? तालुक्याच्या गावातून बाई एकटी बाहेर पडत नाही. तक्रार जावयाविरुद्ध, म्हणजे मुलीच्या उरलेल्या जन्माविरुद्ध. १९२८ मध्ये मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली. तिला आढळले ते हे की या कायद्याची लोकांना फारशी माहितीही नव्हती आणि त्याचा वापर जवळजवळ होत नव्हता. ज्या दोन ओळी दोन पक्षांनी आपापल्या म्हणून मिळवल्या, त्यांतल्या दुसरीने पहिली निष्प्रभ केली. तरी मी पहिली वाया गेली असे म्हणणार नाही. या वादाने मुलीचे वय हा विषय ओटीवरच्या चर्चेत आणला, आणि १९२९ मध्ये विवाहाच्याच वयाला हात घालणारा सारडा कायदा झाला तो हरविलास सारडा या हिंदी प्रतिनिधीने मांडलेला होता. टिळकांच्या मुख्य आक्षेपातला अर्धा भाग तिथे गळून पडला.

कायद्यात नसलेली ओळ

टीकाकाराने मजकुरात जे नाही त्यावरही बोलावे. या कायद्याला जग संमतिवयाचा कायदा म्हणते, पण बायकोच्या बाबतीत त्यात संमतीला काही स्थान नाही. बारा वर्षे पुरी झाली की तिने हो म्हटले का नाही म्हटले, हे विचारण्याचे कारण संपते. अपवादातले कुंपण उंच केले गेले. मोकळीक तशीच राहिली. सुधारकांनीही त्याविरुद्ध मोहीम काढली नाही. मुलीचे रक्षण करायचे हे त्यांना पटले होते, तिचे म्हणणे ऐकायचे हे अजून पटायचे होते. रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने १८८५ मध्ये पत्रे लिहून ते म्हणणे मांडलेले होते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० पासून पुण्यातच होते. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्येच छापून झाली होती. कौन्सिलात वा पुण्याच्या सभांत निर्णय करायला बसलेल्यांत मात्र एकही बाई नव्हती. आगरकर या बाबतीत इतरांहून पुढे होते, हे नोंदवतो. पण कायद्याचा मसुदा त्यांच्या हातात नव्हता.

आकडा पुढे सरकत गेला. १९२५ मध्ये तेरा, १९४९ मध्ये पंधरा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादातल्या पंधराच्या जागी अठरा वाचण्याचा निकाल दिला, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलम ६३ च्या अपवादात अठरा हा आकडा लिहून आला. अपवादाचे पहिले विधान मात्र मेकॉलेच्या मसुद्यापासून आजवर जागचे हललेले नाही.

११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींपुढे तेच विधान आले आणि त्यांचे एकमत झाले नाही. न्यायमूर्ती राजीव शकधर यांनी अपवाद घटनाबाह्य ठरवला. लग्नामुळे स्त्रीचा नकार पुसला जात नाही असे त्यांचे मत. न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांनी विवाहाचे नाते कायद्याने वेगळे मानण्यात अन्याय नाही आणि हा बदल करायचा की नाही हे न्यायालयाने नव्हे, संसदेने ठरवावे असे म्हटले. एकाचे एकक व्यक्ती, दुसऱ्याचे नाते. एकाला बदल आजच हवा, दुसऱ्याला आधी अधिकार कोणाचा ते पाहायचे आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने तिथे प्रतिज्ञापत्र देऊन अपवाद ठेवण्याची बाजू घेतली. आता परक्या सरकारचा मुद्दा उरलेला नाही. आगरकरांचा मुद्दा उरला आहे, आणि त्याला अजून उत्तर द्यायचे आहे.